घरच्या सायकलला हब मोटर : शक्ती चाकात, भिस्त चिमट्यावर

डहाणू रोड स्थानकातून बाहेर पडून किनाऱ्याने घोलवड-बोर्डीकडे निघाले, की चिकूच्या वाड्या आणि सुरूच्या बनांमधून जाणारा रस्ता बहुतेक सपाट लागतो. हे अंतर सुमारे १७ किलोमीटर आहे. महामार्ग ओलांडून कासा-सायवनच्या दिशेने किंवा तलासरीहून उधव्याकडे वळले, की जमीन हळूहळू सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढू लागते. एसटी आणि रिक्षा मुख्य रस्त्यापर्यंत सोबत करतात. तेथून पाड्यापर्यंतचे अंतर पायी किंवा सायकलनेच कापावे लागते. अशा भागात घरातल्याच सायकलच्या चाकात विजेची मोटर बसवावी, हा विचार आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. नवी गाडी घ्यावी लागत नाही, पेट्रोल लागत नाही आणि बॅटरी संपली तरी पायडल मारून घर गाठता येते.

बाजारात मिळणारा हब मोटरचा संच बसविणे वरवर पाहता सोपे आहे. चाक काढायचे, मोटरचे चाक लावायचे आणि वायरी जोडायच्या, असा तो प्रकार भासतो. तथापि, सायकलचा चिमटा हा चाकाचा आस नुसता धरून ठेवण्यासाठी बनविलेला असतो; त्या आसाने स्वतःभोवती फिरण्याचा प्रयत्न केला तर त्याला रोखण्यासाठी नव्हे. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले, तर धावत्या सायकलचे पुढचे चाक निखळू शकते. म्हणूनच मोटर किती वॅटची आहे यापेक्षा ती चिमट्यात कशी बसविली आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीची

चाकाच्या मध्यभागीच मोटर बसविण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी विजेच्या सायकलचे पेटंट मिळाले. त्यांच्या आराखड्यात मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, तर बॅटरी सायकलच्या सांगाड्यात टांगलेली होती. आजच्या सायकलींची मांडणीही जवळपास तशीच आहे. त्या काळच्या जड बॅटऱ्यांमुळे ही कल्पना मागे पडली. लिथियम बॅटरी स्वस्त झाल्यावर आणि छोट्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांमुळे ती पुन्हा पुढे आली.

महाराष्ट्रातही पायडल आणि मोटर यांची सांगड घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांच्या मार्गदर्शनाखाली सुधारित सायकल रिक्षा, मोटरची मदत घेणारी पायडल रिक्षा आणि ‘इलेक्शा’ नावाची विजेवर चालणारी रिक्षा विकसित करण्यात आली. चालकाचे कष्ट पूर्णपणे संपविण्याऐवजी चढावर आणि ओझे ओढताना त्याला मदत करावी, हे मोटरच्या मदतीने चालणाऱ्या पायडल रिक्षेमागील सूत्र घरगुती सायकललाही लागू पडते.

मोटर चालते कशी?

नेहमीच्या मोटरमध्ये बाहेरचे आवरण स्थिर असते आणि मधला दांडा फिरतो. हब मोटरमध्ये नेमके उलटे घडते. मधला आस चिमट्यात घट्ट बसविलेला असतो आणि बाहेरचे आवरण तारा, रिम व टायरसह फिरते. आतील तारांच्या वेटोळ्यांना नियंत्रक ठराविक क्रमाने वीज पुरवतो. त्यासाठी तीन जाड वायरी असतात. चुंबक कोणत्या स्थितीत आहेत याची माहिती देणाऱ्या पाच बारीक वायरी वेगळ्या असतात. ही सर्व केबल पोकळ आसामधून बाहेर येते.

या मोटरचे दोन प्रकार आहेत. थेट फिरणाऱ्या मोटरमध्ये गिअर नसतात. ती आवाज कमी करते आणि दीर्घकाळ टिकते, पण वजनाने जड असते व कमी वेगाच्या चढावर लवकर तापते. गिअर असलेल्या मोटरमध्ये आतली मोटर वेगाने फिरते आणि छोट्या दंतचक्रांमार्फत चाकाला जोर मिळतो. ती दोन ते साडेतीन किलोच्या आसपास भरते, चढावर चांगली चालते आणि एकाच दिशेला पकडणाऱ्या क्लचमुळे वीज बंद असताना पायडलला जड जात नाही. पूर्वेकडील चढ आणि वाटेत बॅटरी संपण्याची शक्यता लक्षात घेता डहाणू-तलासरीसारख्या भागात हा दुसरा प्रकार अधिक सोयीचा ठरतो.

शक्ती किती लागते?

स्वार, सायकल, मोटर, बॅटरी आणि थोडे सामान मिळून वजन १०० किलो धरले, तर सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाण्यास सुमारे १०० वॅट शक्ती पुरते. वेग ताशी २५ किलोमीटरवर नेला, की हीच गरज १७५ वॅटच्या आसपास जाते, कारण हवेचा अडथळा वेगापेक्षा कितीतरी जलद वाढतो. शंभर मीटरला पाच मीटर उंची वाढणारा चढ ताशी १५ किलोमीटरने चढायचा असेल, तर सुमारे २६० वॅट लागतात. सर्वसाधारण माणूस दमछाक न होता ७५ ते १०० वॅट शक्ती पायडलवर देऊ शकतो. याचा अर्थ असा, की पाय चालू ठेवल्यास अडीचशे वॅटच्या आतली मोटर या परिसरातील बहुतेक रस्त्यांना पुरेशी आहे. चढावर पाय थांबवून केवळ मोटरवर अवलंबून राहिल्यास मात्र ती तापते आणि बॅटरीही झपाट्याने उतरते.

कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील व्याख्येनुसार विजेची मदत घेणारी सायकल काही अटी पाळल्यास ‘मोटार वाहन’ ठरत नाही. मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असावी. वेग ताशी २५ किलोमीटरकडे जाताना मोटरचा जोर क्रमाने कमी होत जाऊन तेथे, किंवा स्वाराने पायडल थांबविल्यास त्याआधीच, बंद व्हावा. योग्य ब्रेक असावेत आणि पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असावा. या अटींची पडताळणी नियमांत नमूद केलेल्या चाचणी संस्थेकडून झालेली असावी, अशीही अपेक्षा आहे. पुण्यातील ‘एआरएआय’ ही अशा संस्थांपैकी एक आहे.

घरी बदललेल्या एकट्या-दुकट्या सायकलकडे असे प्रमाणपत्र नसते, हे प्रथमच ध्यानात घ्यावे. निदान शक्ती आणि वेग यांच्या मर्यादा तरी कसोशीने पाळणे त्यामुळे अगत्याचे ठरते. पाचशे किंवा हजार वॅटची मोटर बसवून ताशी चाळीसच्या वेगाने धावणारी सायकल ही कायद्याच्या दृष्टीने सायकल राहत नाही. नोंदणी, परवाना आणि विमा यांपैकी काहीही नसलेले ते मोटार वाहन ठरते. अपघात झाल्यास हा फरक स्वाराला महागात पडू शकतो.

पुढचे चाक की मागचे?

पुढच्या चाकात मोटर बसविणे सर्वांत सोपे असते. साखळी, फ्रीव्हील किंवा गिअर यांना हात लावावा लागत नाही. मात्र पुढचा चिमटा पोलादी आणि सुस्थितीतला असेल तरच हा मार्ग स्वीकारावा. ॲल्युमिनियमच्या आणि स्प्रिंगच्या चिमट्यांची टोके मोटरचा पीळ सहन करण्यासाठी घडविलेली नसतात. ती अचानक तडकतात. अशा सायकलींना मागच्या चाकातच मोटर घ्यावी. मागे स्वाराचा भार असल्याने चिखलात चाक कमी घसरते आणि जागच्या जागी निखळण्याचा धोकाही कमी असतो. मात्र मागच्या चिमट्यातील अंतर तपासावे लागते. गिअरच्या सायकलीत ते बहुधा १३५ मिलिमीटर असते आणि बहुतेक संच त्याच मापाचे येतात. साध्या, एका चक्राच्या सायकलीत ते बरेच कमी असल्याने चिमटा जबरदस्तीने फाकविण्याचा मोह टाळावा.

खेड्यापाड्यांत आजही दिसणाऱ्या दांड्याच्या ब्रेकच्या काळ्या सायकलींची अडचण आणखी निराळी आहे. त्यांच्या पुढच्या चाकाला बहुधा ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात, तर हब मोटरला साधारणपणे ३६ छिद्रे असतात. त्यामुळे जुनी रिम वापरता येत नाही. शिवाय या सायकलींची ‘अठ्ठावीस इंची’ रिम आणि नव्या सायकलींची ‘सातशे’ मापाची रिम नावाला सारख्याच. प्रत्यक्षात पहिलीचा टायर बसण्याचा व्यास ६३५ मिलिमीटर, तर दुसरीचा ६२२ मिलिमीटर असतो. एकीचा टायर दुसरीवर चढत नाही आणि ब्रेकचे रबरही जागेवर येत नाहीत. संच मागविण्यापूर्वी टायरच्या कडेवर छापलेले माप वाचून घेतले, तर पुढचा मनस्ताप वाचतो.

चिमट्यातील खाच : सर्वांत नाजूक जागा

मोटरचा आस साधारणपणे १२ मिलिमीटर जाडीचा असून त्याच्या दोन बाजू तासून १० मिलिमीटरच्या सपाट केलेल्या असतात. या सपाट बाजू चिमट्याच्या खाचेत अडकतात आणि आसाला फिरू देत नाहीत. अडीचशे वॅटची गिअरची मोटर सुरुवातीच्या जोरात ३० ते ४० न्यूटन-मीटर पीळ निर्माण करू शकते. चाक पुढे फिरते तेव्हा तितक्याच पिळाने आस मागे फिरू पाहतो. खाचेच्या कडांना जेमतेम सहा-सात मिलिमीटर रुंदीचा आधार मिळत असल्याने तेथे पडणारा दाब कित्येकशे किलोंच्या घरात जातो. सायकल सुरू करताना, थांबताना आणि पुन्हा सुरू करताना हा दाब शेकडो वेळा येतो. खाच हळूहळू फाकते, नट सैल होतो आणि एके दिवशी आस गर्रकन फिरतो. त्यासरशी आसातून येणारी केबल पिळून तुटते, वायरी एकमेकींना चिकटून चाक अडू शकते आणि आस खाचेतून बाहेर पडल्यास चाकच निखळते.

यावरचा उपाय म्हणजे ‘टॉर्क आर्म’. ही जाड पोलादाची पट्टी असून तिचे एक टोक आसाच्या सपाट बाजूंवर घट्ट बसते आणि दुसरे चिमट्याच्या नळीला पोलादी क्लिपने आवळले जाते. तोच ४० न्यूटन-मीटरचा पीळ आसापासून १० सेंटिमीटर अंतरावर घेतला, तर तेथे सुमारे ४० किलोचाच जोर पडतो आणि नळी तो सहज सोसते. संचासोबत पुष्कळदा ही पट्टी येत नाही, किंवा आली तर पत्र्यासारखी पातळ असते. निदान चार मिलिमीटर जाडीची पट्टी वापरावी. शक्य असल्यास दोन्ही बाजूंना दोन लावाव्यात.

बसविण्याचा क्रम

पुढच्या चाकासाठी क्रम असा ठेवावा. सायकल उलटी करून जुने चाक काढल्यावर खाच स्वच्छ करून तिला तडा तर नाही ना, हे उजेडात पाहावे. अनेक देशी सायकलींची पुढची खाच आठ-नऊ मिलिमीटरचीच असते. मोटरचा आस बसण्यासाठी ती कानशीने थोडी वाढवावी लागते. मात्र दोन्ही कडा समांतर राहतील अशा बेताने आणि फक्त लागेल तेवढीच. सैल बसणारी खाच ही न वाढविलेल्या खाचेपेक्षा वाईट.

आस खाचेच्या तळापर्यंत पूर्ण टेकला पाहिजे. केबल बाहेर येण्याची बाजू आणि फिरण्याची दिशा मोटरवर दर्शविलेली असते. ती उलटी झाली तर गिअरची मोटर चाक ओढतच नाही. यानंतर दाताचा वॉशर बसवावा. कारागीर त्याला वायसर म्हणतात. त्याचा दात खाचेत शिरला पाहिजे. त्यावर टॉर्क आर्म आणि शेवटी नट. काही चिमट्यांच्या टोकांना बाहेरून उंचवटा असतो. त्यावर वॉशर तिरका बसत असेल तर आत बसणारी जाड चकती घालून पृष्ठभाग सपाट करावा. नट ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळावा. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे १६ किलोचा जोर दिला, की तेवढी घट्टपणा येते. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर तो पुन्हा तपासणे अत्यावश्यक आहे, कारण नवे वॉशर दबून नट किंचित सैल होतोच.

नव्या चाकाच्या तारांचा ताणही पहिल्या आठवड्यात बदलतो. मोटरच्या तारा आखूड असल्याने त्या सैल पडल्या तर मुळाशी तुटतात. सायकल दुकानातील कारागिराकडून चाकाचा आऊट काढून घेतल्यास चाकाचे आयुष्य वाढते.

ब्रेक आणि नियंत्रण

ताशी १५ किलोमीटरऐवजी २५ किलोमीटरने धावणारी सायकल थांबविण्यासाठी ब्रेकला जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा शोषावी लागते. पावसात ओल्या झालेल्या पोलादी रिमवर रबराची पकड फारच कमी होते. जुन्या दांड्याच्या ब्रेकवर विसंबून मोटर बसविणे म्हणूनच धोक्याचे आहे. ॲल्युमिनियमची रिम आणि तारेने ओढले जाणारे ब्रेक ही किमान गरज समजावी. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी कळ संचातील ब्रेकच्या मुठीत असते. ती न जोडता सायकल चालविणे म्हणजे एकाच वेळी ब्रेक आणि मोटर यांची झुंज लावून देणे होय. पायडलजवळ बसणारी चुंबकाची चकती स्वार पाय चालवीत आहे का, याची खबर नियंत्रकाला देते. पाय थांबले, की मोटर थांबते. ही चकतीही वगळू नये.

पाऊस, खारी हवा आणि वायरी

जून ते सप्टेंबरचा मुसळधार पाऊस आणि किनाऱ्यावरची खारी हवा, ही विजेच्या जोडांची परीक्षा असते. केबल आसातून बाहेर पडल्यावर आधी खाली झुकून मग वर जाईल, अशी तिची वळणे बांधावीत. म्हणजे पाणी केबलवरून ओघळत मोटरच्या आत न शिरता खालच्या वळणावरून गळून पडते. नियंत्रक बंद पेटीत ठेवून वायरींची तोंडे खालच्या बाजूला ठेवावीत. प्रत्येक जोडात विजेच्या कामाचे ग्रीस भरल्यास हिरवी कळकट साठत नाही. नुसती चिकटपट्टी गुंडाळणे उपयोगाचे नाही; ती पाणी आत अडवून ठेवते. बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य वायरीवर, बॅटरीच्या जवळच, फ्यूज असायलाच हवा. पाणी साचलेल्या मोरीतून किंवा भरून वाहणाऱ्या फरशीवरून सायकल चालवत नेणे टाळावे, कारण मोटरचा आस बुडाला तर पाणी आत गेल्याशिवाय राहत नाही.

बॅटरी : सोय आणि जबाबदारी

छत्तीस व्होल्ट आणि दहा अँपिअर-तास क्षमतेच्या लिथियम बॅटरीत सुमारे ३६० वॅट-तास ऊर्जा मावते. पायडलची साथ असेल तर तीवर तीस-पस्तीस किलोमीटर अंतर जाते. म्हणजे डहाणू ते बोर्डी जाऊन परत येणे शक्य होते. पूर्ण चार्ज करण्यास अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते आणि दोन अँपिअरच्या चार्जरने पाच-सहा तास लागतात. शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त असल्या, तरी त्याच कामासाठी दहा-बारा किलो वजन वाहावे लागते आणि त्या लवकर संपतात.

बॅटरी सांगाड्याच्या त्रिकोणात, सायकलच्या मध्याजवळ, पोलादी पट्टीने आवळून ठेवावी. कॅरियरवर दोरीने बांधलेली बॅटरी खड्ड्यांत आदळून आतून खिळखिळी होते. लिथियमच्या प्रकारानुसार चार्जरचा व्होल्टेज वेगळा असतो. नेहमीच्या छत्तीस व्होल्टच्या बॅटरीसाठी तो ४२ व्होल्ट असतो. शेजाऱ्याचा चार्जर जोडून पाहणे हा आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. रात्री झोपताना, दाराच्या वाटेवर किंवा गवत-लाकडाच्या घरात अंथरुणाशेजारी बॅटरी चार्जला लावू नये. फुगलेली, पडलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. पावसाळ्यात सायकल बंद ठेवायची असेल, तर बॅटरी निम्मी भरून कोरड्या जागी ठेवावी.

निकामी बॅटरीचे काय करायचे, हा प्रश्न या तालुक्यात विशेष महत्त्वाचा आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरून झालेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन केंद्राकडे किंवा अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडे देणे ग्राहकाचे कर्तव्य आहे. खाडीत, वाडीच्या बांधावर किंवा भंगाराच्या ढिगात ती टाकणे म्हणजे धूर वाचवून विष पेरणे ठरेल.

निघण्यापूर्वी दोन मिनिटे

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ चारोटी, तलासरी आणि आच्छाडमार्गे गुजरातकडे जातो. तेथील अवजड वाहतुकीत ताशी २५ किलोमीटरची सायकल नेणे धोक्याचेच. जेथे उपलब्ध असेल तेथे सेवा रस्ता धरावा. वाडीच्या आणि पाड्याच्या रस्त्यांवर मात्र हीच सायकल खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

घराबाहेर पडण्यापूर्वी दोन मिनिटे पुरतात. आसाचे नट हाताने चाचपावेत, टॉर्क आर्मची क्लिप हलते का पाहावे, चाक उचलून फिरवावे, दोन्ही ब्रेक दाबून मोटर बंद होते ना याची खात्री करावी आणि केबल आसापाशी घासली जात नाही ना, ते पाहावे. नटाशेजारी चिमट्यावर रंगाची एक रेघ ओढून ठेवली, की नट किंचित फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. या तपासणीला पैसा लागत नाही. मात्र कामावरून अंधारात परतणाऱ्या माणसाचे चाक जागेवर राहील की नाही, हे तीच ठरवते.